लेझर, गोळी आणि मिरचीची पथारी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. नंदुरबारला उघड्या मैदानात लाल मिरची वाळत घालतात, त्या पथारीवर ती देठ खुडते. मी घरातला पहिला पदवीधर झालो तो तिच्यामुळे.

मुरुमांनी माझ्या गालांवर खड्डे पाडले होते. बी.एड.च्या सराव पाठात मी पूर्ण तास फळ्याकडे बघून शिकवले. हे कळल्यावर ताईने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"गोळीने नवे फोड थांबतील, लेझरने जुने खड्डे कमी होतील," बाई म्हणाल्या. "पण गोळी चालू आहे तोवर लेझर हलकाच मारू."

गोळी तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायची होती. ताईने हे इतके मनावर घेतले की माझ्या वरणावर शेंगदाण्याचे तेल तरंगू लागले. गोळीने ओठ फाटत, त्यांनाही ती तूप फासायची.

तिसऱ्या लेझरनंतर चारच दिवसांनी एका शाळेत मुलाखतीचा नमुना पाठ होता. पोरांकडे तोंड करून उभे राहता आले तर नोकरी. तोवर ऊन लागू द्यायचे नव्हते.

"तोंड बांधी ले," म्हणत ताईने आपला स्कार्फ दिला.

पाठाच्या आदल्या दिवशी तिचा विसरलेला डबा घेऊन मी पथारीवर गेलो. तिथे ठसक्यामुळे सगळ्याच बाया तोंड बांधतात आणि साडीवर पुरुषी शर्ट घालतात. पँट पाहून मुकादमीणबाईंनी मला कॉलेजातली पोरगी धरले असावे.

"ए नवी, उभी काय ऱ्हायनी? बस."

बोललो तर आवाजावरून पुरुष आहे हे कळेल आणि तोंड उघडे करावे लागेल, या लाजेने मी बसलो. अर्धा तास देठ खुडले. मग घाम आला आणि त्याच हातांनी मी स्कार्फखाली गाल पुसला.

माझी बोंब ऐकून ताई पथारीच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली. "आरे, तू शे का? आते काय करू तुन्हं?" म्हणत तिने हंडाभर पाणी माझ्या तोंडावर ओतले.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिले. "ऊन टाळा म्हणाले होते मी. मिरची टाळा, हे लिहायचं राहिलं."

पाठ झाल्यावर तिथूनच मी ताईला पत्र टाकले. फोन नको, पथारीवर दाखवायला कागद हवा, असे तिने बजावले होते.

"ताई,
नोकरी मिळाली. वर्गात शिरताच एका पोरीने विचारले, 'सर, तोंडले काय व्हयनं?' मी पथारीची सगळी हकीकत सांगितली. पोरे हसली, मागे बसलेले मुख्याध्यापकही हसले. मग पाठ झाला. नंतर लक्षात आले, तासभर मी फळ्याकडे फक्त लिहायला वळलो होतो.
खड्डे थोडे उरतील, असे बाई म्हणतात. उरू देत. गोळी अजून दोन महिने आहे, तेव्हा वरणात तेल बेताने घाल.
मुकादमीणबाईंना सांग, त्यांची नवी पोरगी आता कामावर येणार नाही. तिला शाळेत नोकरी लागली.
तुझा भाऊ"