चौकटीची चौथी बाजू

नागापूरच्या शेडमध्ये वीस वर्षं लोखंडी चौकटी जोडणाऱ्या माणसानं स्वतःच्याच घरातली चौकट चुकवावी, हे सांगायला लाज वाटते. पण सांगतो. मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती वॉकरवर आली. संडास-बाथरूम तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच. जायचं मात्र पुढची खोली, मग स्वयंपाकघर असं फिरून. वाटेत दोन उंबरे. दर वेळी सुनेला हाक मारावी लागते म्हणून आईनं पाणी पिणंच कमी केलं. हे कळलं त्या दिवशी ठरवलं, भिंतीला दार पाडायचंच.

गवंडी म्हणाला, "दिवाळीनंतर बघू."

"तू वरचं लिंटेल तेवढं बसवून दे, बाकी माझ्याकडं लागलं."

त्यानं भिंतीत खाच पाडून लिंटेल बसवलं. खालच्या विटा मी दोन रविवार छन्नी-हातोड्यानं काढल्या. घरभर धूळ. बायको चहासुद्धा झाकण ठेवून द्यायची.

वॉकरची रुंदी तीनदा मोजली. चौकट अशी बनवली, की काटकोनाला गुण्या लावला तर केसभर फरक नाही. बसवली, भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट सिमेंटात गाडले, नारळ फोडला, खाली हळदकुंकू वाहिलं. आठवडाभर पक्की होऊ दिली आणि ऐटीत आईला बोलावलं.

ती आली, वॉकर टेकवला आणि थांबली. चौकटीला खालून आडवी पट्टी होती, चांगली दोन इंच उंच. वीस वर्षांचा हात. चौकट म्हटली की चार बाजू.

"आरं, दोन उंबरं चुकवायला भिंत फोडलीस," आई म्हणाली, "आन ह्यो तिसरा कुनासाठी?"

"लक्ष्मी यायला उंबरा लागतो," मी काहीतरी ठोकून दिलं.

"लक्ष्मी संडासाकडून येती व्हय रं?"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. गवंड्यानं फोनवर सल्ला दिला, राहू दे, फळीचा उतार करू. उतारावर वॉकर घसरला म्हणजे? मी ग्राइंडर आणला आणि हळदकुंकवासकट ती पट्टी दोन्ही टोकांना कापून काढली. खाच सिमेंटनं भरली, तळहातानं घासून फरशीबरोबर केली. दोन दिवस तिथं कुणाला पाय ठेवू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी आई निघाली. मी मागं हात पसरून.

"तू कुठं येतोय? हो माघारी!"

एकटी गेली, एकटी आली. संध्याकाळपर्यंत आणखी चार वेळा गेली. त्यातल्या दोनच खेपा कामाच्या होत्या, असं बायकोचं म्हणणं.