मापारी काकांचं माप

मापारी काका कधी ‘एक’ म्हणत नसत. धान्य मोजताना पहिल्या पायलीला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन मोजत जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. काकांनी ती मापापुरती ठेवली नव्हती. दुपारचा एक वाजला की त्यांच्या घड्याळात ‘लाभ’ वाजायचा. लेकरं किती, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “लाभच. पोरगी हाय.”

इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि त्यांची पायली माळ्यावर गेली. पण आमच्या कुरुंदा गावात नवं काही घ्यायचं म्हटलं की माणसं अजून त्यांच्याच ओट्यावर जात. काका पोत्यावर हळकुंडं घेऊन बसायचे. फायद्याचं सांगितलं की एक उजवीकडे, तोट्याचं सांगितलं की एक डावीकडे. शेवटी दोन्ही ढिगांकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “ढीग बोलते, मी न्हाई.” एकाने होणाऱ्या जावयाचं माप काढायला सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी हळकुंडं आत नेऊन ठेवली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

माझं फोटोचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगवर घर चालतं. डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट घ्यावा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. नांदेडच्या मित्राने स्वतःचा आठ दिवस वापरायला दिला. मी तो घेऊन ओट्यावर गेलो आणि काकांना सगळं समजावलं. लग्न पुन्हा मांडवात उभं राहून पाहता येतं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला घरबसल्या देवदर्शन होतं, शाळेच्या पोरांना माणसाचं काळीज आतून दिसतं. काका उजवीकडे हळकुंडं टाकत गेले. मग मला खोदून खोदून विचारत डावा ढीग त्यांनीच वाढवला. डोकं गरगरतं, चष्मेवाल्याच्या नाकावर ओझं होतं, चार्जिंग टिकत नाही, अन् एकटा पाहतो तोवर बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. ढीग बराबर झाले.

“घालून पायल्याबिगर सांगता येत न्हाई,” काका म्हणाले.

आता मी केलं ते सांगतो. मला तो घ्यायचाच होता आणि काकांकडून हो हवं होतं. दोन वर्षांपूर्वी चारही बाजूंचं एकदम टिपणारा चौफेर कॅमेरा नवा होता, तेव्हा मी काकांच्या अंगणात एक चित्रण केलं होतं. काका बाजारात गेले होते. काकू शिजवलेली हळद पसरत होत्या. त्याच वर्षी श्रावणात काकू गेल्या. देवळाचं चित्रण माझ्याकडे तयार होतं, तरी मी मुद्दाम हळदीचं लावलं.

काकांनी हेडसेट घातला. मग पाय पोटाशी घेतले आणि हळूच म्हणाले, “सरकून राहिलो. तिला सूप घेऊन जायचं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून ते जेवण झालं की माझ्या दुकानात यायचे. चपला बाहेर काढायचे, स्टुलावर बसायचे आणि डोकं पुढे करायचे. तेच सहा मिनिटांचं अंगण. ओट्यावर माणसं येऊन परत जायला लागली. पोरगी फोनवर म्हणाली, “दादा, बाबा जेवून नाही राहिले बराबर. काय दाखवून राहिले तुमी त्यायले?” मी म्हटलं, विरंगुळा आहे गं.

आठव्या दिवशी त्यांनी हेडसेट स्वतःच काढला.

“आज खाली पायलं,” ते म्हणाले. “माझे पाय न्हाईत. ती हाय, हळद हाय, बाज हाय, मीच न्हाई. तिच्या म्होरं उभा राह्यलो तरी ती माझ्यातून पल्याड पाहती. गेलेलं माणूस असंच येऊन उभं राहत असन घरात. मंग मेलं कोण, ती का मी?”

मी हेडसेट त्यांच्या हातातून घेतला.

“ही डोळ्यांची पेटी घे तू. लग्नाले चांगली हाय. हे अंगण तेवढं पुसून टाक. असलं की मी येतोच.”

मी हो म्हटलं. संगणकावर बोट नेलंही. पण मला ते पुसवेना. काकू तिथे इतक्या जवळ उभ्या होत्या.

हेडसेट मी विकत घेतला. महिनाभराने बाजारात काका भेटले. वाळले होते. “पुसलं का?” त्यांनी विचारलं. मी चटकन म्हटलं, “व्हय काका, तवाच.”

ते जागीच खाली बसले, हळदीच्या पोत्याला टेकून. उपरण्यात तोंड घालून ढसाढसा रडले. काकू गेल्या तेव्हा काकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, सगळ्या गावाने पाहिलं होतं. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, “आज गेली रे ती. बरं झालं. कोणीतरी सोडायलाच पाहिजे होतं.”

त्यानंतर ते जेवायला लागले, ओट्यावर बसायला लागले, लोकांची थट्टाही करायचे. दुकानावरून जाताना मला हात करायचे. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. खरं सांगावं असं दहादा वाटलं. सांगितलं असतं तर ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले असते. नाही सांगितलं म्हणून मी एका भल्या माणसाला फसवत राहिलो. यातलं कुठलं बरं, हे मला ज्यांना विचारता आलं असतं, त्यांनाच विचारता येत नव्हतं.

परवाच्या थंडीत काका गेले. पोरगी दुकानात आली आणि म्हणाली, “दादा, बाबा सांगायचे ते आईचं काही उरलं हाय का? मी एकदाच पाहून घेईन.” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काकांसारखंच नाक, तेच डोळे.

“न्हाई ताई,” मी म्हणालो, “पुसलं.”