मांजरीतले अकरा दिवस

बसमध्ये खिडकी मिळाली की मंदाकिनीबाई मांजरीहून थेट शनिवार पेठेतल्या घरी येत नसत. मध्ये बरंच जग लागायचं. पुण्याबाहेर मांजरीला औषधांच्या कंपनीत निर्यातीचे कागद बघायचं त्यांचं काम. इन्शुलिनचे खोके कुठल्या देशाला निघायचे झाले, की हडपसरच्या सिग्नलला डोळे मिटून त्याही सोबत निघत. विमान, ढग, वाळवंट, धुळीचा घाट आणि शेवटी पिवळ्या पडद्यांचा मुलांचा वॉर्ड. परदेश त्यांनी पाहिला नव्हता, पण स्वप्नाला पासपोर्ट कोण मागतो?

"उतरलीस का विमानातून?" घरी त्यांचे यजमान शरच्चंद्र विचारायचे. "मग चहा टाक."

यंदा उन्हाळ्यात एका अशा देशाची मागणी आली, ज्याचं नाव ऑफिसात कुणी मोठ्यानं घेत नसे. बड्या राष्ट्रांनी त्याच्यावर आर्थिक निर्बंध घातलेले. औषधांना त्यातून सूट आहे, हे फाइलच्या दुसऱ्याच पानावर छापलेलं होतं. मंदाकिनीबाईंनी ते वाचलं आणि तरी दिल्लीच्या वकिलांची जास्तीची एक सही मागवली. ती कुणी मागितली नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद चुकला नव्हता. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना विषाची परीक्षा कशाला? वकील सुट्टीवर होते. औषध मागवणाऱ्या मदतसंस्थेचे दोनदा फोन आले. "निर्बंध आहेत ना, वेळ लागणारच," त्या गोड आवाजात म्हणाल्या. आणि रोज संध्याकाळी बसमध्ये खोक्यांबरोबर जात राहिल्या. आज ढग, उद्या वाळवंट.

खोके अखेर पोहोचले. मग तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. औषध उत्तम आहे, पण एवढे दिवस गेले कुठे? निर्बंधच आड येत असतील, तर पुण्याचा नाद सोडून दुसरीकडे बघू. तिथून निम्मंच मिळेल, पण मिळेल तरी.

"मॅडम, सिंपल आहे," मंदाकिनीबाईंचे तरुण साहेब साईनाथ म्हणाले. "‘निर्बंधांमुळे उशीर’ असं लिहा नि सही करा. सगळे तेच लिहितात."

पत्रासोबत एक छापील पट्टी होती. खोक्यात काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते खोका कुठे किती वेळ होता याची नोंद ठेवतं. मुंबईला एक दिवस. विमानात एक. तिकडच्या नाक्यावर दोन. मांजरीच्या शीतगृहात अकरा. मंदाकिनीबाई वाळवंट ओलांडत होत्या, तेव्हा खोके त्यांच्या खुर्चीपासून पन्नास पावलांवर होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. "म्हणजे निर्बंध शनिवार पेठेत राहतात तर."

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी डॉक्टरीणबाईंना उत्तर लिहिलं. अकरा दिवस माझे. कुठल्याही नियमानं अडवलं नव्हतं. रस्ता मोकळा आहे, मागवा. पुढचे खोके दोन दिवसांत निघतील.

"अहो मॅडम, चौकशी लागेल! निरोपसमारंभ राहिला बाजूला," साईनाथ म्हणाले.

"लागू दे."

आठवड्यानं नवी मागणी आली, पहिल्याहून मोठी. खाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: ‘ते अकरा दिवस आम्ही वॉर्डात निम्म्या मात्रेवर काढले. नवव्या दिवशी एक मुलगी गेली. तिची आई विचारते, कुणी अडवलं? मी सांगत होते, मोठी राष्ट्रं. आता काय सांगू?’

मंदाकिनीबाईंनी संगणकावर उत्तराची चौकट उघडली. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं: माझं नाव सांगा. मंदाकिनी, पुणे.

नवे खोके दुपारीच गाडीत चढले. संध्याकाळी बसमध्ये खिडकी मिळाली. हडपसरला डोळे मिटले. या खेपेला ना ढग लागले, ना वाळवंट. एकदम पिवळे पडदेच आले. रिकाम्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं मान वळवली.

"तुम्हीच का?"

"हो," मंदाकिनीबाई मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी दचकून आपली भाजीची पिशवी जवळ ओढली.