देश: आफ्रिका

दुबईत रास अल खोरला आमच्या जुन्या ट्रकांच्या यार्डात येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी रजिस्टर भरावं लागे. युगांडाचा जोसेफ ‘देश’ या रकान्यात ठळक अक्षरांत ‘आफ्रिका’ लिहायचा. मी ते खोडून ‘युगांडा’ लिहिलं, की तो माझं अक्षर खोडायचा.

“अरे बाबा, आफ्रिका कंट्री नहीं है,” मी एकदा वैतागून म्हणालो.

“अभी नहीं है, ब्रदर. तुम मराठी, वो मल्याळी, वो पंजाबी. पासपोर्ट एक! बॉम्बे से केरला ट्रक जाता, वीज़ा लगता?”

“जकात नाका लगता है.”

तो पोट धरून हसला. “मेरा केला बॉर्डर पे सड़ता है, ब्रदर. एक स्टॅम्प के लिए!”

आमच्या पाटकरशेठांची रीत ठरलेली होती. केनियाचा एका केबिनमध्ये, काँगोचा दुसऱ्या. प्रत्येकाला वेगळा भाव आणि वर ‘फक्त तुझ्यासाठी’ अशी मखलाशी. चहा घेऊन मीच या केबिनमधून त्या केबिनमध्ये फिरायचो. एका जूनमध्ये जोसेफने दारं ठोठावून बाकीच्या चौघांना बाहेर काढलं. “वन रूम, वन प्राइस!”

“खलास! त्याला एकही ट्रक द्यायचा नाही,” शेठ कडाडले.

जोसेफचा एकुलता एक ट्रक मोडीत निघाला होता. दुसरा मिळाला नाही, तर धंदाच बसणार होता. तरी पठ्ठ्या रणरणत्या उन्हात फुटपाथवर जाऊन बसला, बाकीचे चौघे त्याच्या शेजारी. शेठांनी मला केनियाच्या मवांगीला फोडायला पाठवलं. मीही निमूट गेलो. मवांगी उठलाच होता.

“जाओ,” जोसेफ म्हणाला. “आज मेरे को काटा. कल तुमको अकेला काटेगा.”

मवांगी पुन्हा बसला. दुपारची असरची अजान होईपर्यंत शेठ नमले. सगळ्यांना एकच भाव मिळाला. मी शेठांचं मीठ खात होतो, तरी मनातून फार खूश झालो.

दोन वर्षांनी मवांगी एकटाच आला. जोसेफ गेला होता. सीमेवरच्या रांगेत ट्रकमध्येच त्याला ताप चढला. हॉस्पिटल पलीकडच्या देशात, समोर दिसत होतं. शिक्का मारणारा साहेब जागेवर नव्हता. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मवांगीने रजिस्टर ओढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: आफ्रिका.

शेठ डोकावले. “अरे, त्याला देश लिहायला सांग.”

“लिहिलाय,” मी म्हणालो, आणि रजिस्टर मिटलं.