मास्तरांच्या तारखा

तुरुंगात जायचं तर कसं जावं, हे आमच्या क्लॅरिनेटवाल्या मास्तरांकडून शिकावं. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे आणि मी नाशिकच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करायचो. ओळख नव्वद सालच्या आसपासची. मुलीची पोटगी थकवली म्हणून वर्षा-दोन वर्षांनी त्यांची नाशिकरोडच्या जेलात रवानगी व्हायची, आणि त्या दिवशी मास्तर सासुरवाडीला निघाल्यासारखे तयार होऊन यायचे. पिशवीत दोन बंड्या, दंतमंजन आणि इसबगोल. क्लॅरिनेट मात्र माझ्या टेबलाच्या खणात. "उन्हात नका ठेवू हां भाऊसाहेब, लाकूड लय नाजूक हाय," एवढं मला बजावायचं, आणि मग हवालदाराला म्हणायचं, "चला, उशीर नको."

तारखेला ते बँडचा लाल कोट घालून येत, सोनेरी झालर आणि खांद्यावर गोंडे असलेला. एका नवीन मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "देवळालीच्या लष्करी कॅम्पातून आलात का?" मास्तर म्हणाले, "नाय साहेब, सातपूरच्या वरातीतून." एकदा तर वॉरंट घेऊन आलेल्या हवालदाराला ते भर वरातीत सापडले. वाजवणाऱ्याला मध्येच कसं धरायचं, म्हणून तो बिचारा गाणं संपायची वाट बघत चालू लागला, आणि मास्तरांनी तेच गाणं पंचवटी कारंज्यापासून थेट मांडवापर्यंत ताणलं. शेवटी हवालदार नवरदेवाच्या मित्रांबरोबर नाचला, पंगतीला बसला, आणि जेवणं झाल्यावर अटक झाली.

त्यांची बायको येवल्याला पैठणीच्या मागावर बसायची. संसार मोडला तो आपल्याच दारूपायी, असं मास्तर स्वतःच सांगत. दारू पुढे सुटली, पण तोवर घर गेलं होतं आणि काही मागायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. तारीख असली की ती बाई दिवसाचं काम बुडवून पहाटेच्या एसटीनं यायची. पोरीला सांभाळायला मागे कुणी नाही, म्हणून सहा-सात वर्षांची पोर बरोबर. साहेब मास्तरांना मुदत देत, मग पुढची तारीख, मग त्याच्या पुढची, आणि साहेबांचा धीर सुटला की जेल.

अशाच एका खेपेला मास्तरांनी मला जेलात भेटायला बोलावलं आणि किल्ली हातात दिली. "खोलीवरची ट्रंक उघडा, अन् पैसे कोर्टात भरून टाका." ट्रंकेत दर महिन्याचं पाकीट वेगळं, वर महिन्याचं नाव, सगळी पोटगी जशीच्या तशी! पैसे भरले, पण माझं डोकंच फिरलं. ते सुटून क्लॅरिनेट न्यायला आले तेव्हा मी आवाज चढवला, "लाज वाटते का मास्तर? पैसे घरात, आणि पोरीची आई फीसाठी शाळेत हात जोडते!"

मास्तर क्लॅरिनेटची पत्ती पुसू लागले. "भरले असते तर तारीख कशाला पडली असती, भाऊसाहेब? अन् तारीख नाय तर पोरगी नाशकाला कशाला येईल? समोरच्या बाकावर बसून केळं खाती. तेवढं बघतो."

वाईट वाटलं, पण राग गेला नाही. "केळं खाताना तिच्या पायात चप्पल नव्हती, ते बघितलंत?" मी विचारलं.

पुढच्या थकबाकीची वाट न बघता मी त्या बाईंना पत्र टाकलं. त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं बोलायला तोंड नव्हतं का यांना? फुंकायला बरं पुरतं!" मग सरळ साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "यांना आत टाकून माझ्या पोरीच्या ताटात काय पडतं, साहेब? दर म्हैन्याच्या पहिल्या रविवारी येवल्याच्या स्टँडवर येऊन पोरीच्या हातात पैसे देऊ द्या. चुकले, तर खुशाल टाका." साहेबांनी तसं लिहून घेतलं.

मास्तर एकदाही चुकले नाहीत. पोरीनं सही केलेली प्रत्येक पावती मला दाखवायला आणत. आधी एकेक अक्षर सुटं सुटं, मग जोडलेलं, मग एका झटक्यात मारलेली सही. आठवीत गेल्यावर तिनं सांगितलं, हा कोट घालून येऊ नका. मास्तरांनी कोट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि साध्या शर्टात जाऊ लागले. त्या दिवशी ते माझ्याकडे चहासुद्धा प्यायले नाहीत.

मग एके दिवशी ते समोर येऊन बसले. "भाऊसाहेब, अर्ज करायचाय. मुलगी अठराची झाली, तरी पोटगी चालू ठेवायची परवानगी मिळावी."

"अहो, हुकूम अठरापर्यंतच होता. सुटलात तुम्ही. आता असंच जा की भेटायला."

"हुकमाबिगर कोण म्हणून जाऊ?"

मी मशीनला कागद लावला आणि सांगतील तसा अर्ज टाइप केला. असा अर्ज कुठलंच कोर्ट घेत नाही, हे मला ठाऊक होतं. मास्तरांनी दोनदा वाचून सही केली आणि विचारलं, "तारीख कधीची पडंल?"

"पहिला रविवार," मी म्हणालो. "येवल्याचा स्टँड."

मास्तरांनी माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि पिशवी उचलली. तो अर्ज अजून माझ्याजवळ आहे, क्लॅरिनेट ठेवायचो त्याच खणात.