पांढऱ्या रश्श्यात व्हिनेगर

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गेल्या आखाडातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास, भर पंगतीत. श्रावणाआधीचं ते शेवटचं मटण, आणि आईचा पांढरा रस्सा फाटला. नारळाच्या दुधाच्या गुठळ्या वर, खाली गढूळ पाणी.

"रस्साच हाय न्हवं ह्यो?" कागलच्या आत्यानं वाटीत डोकावत विचारलं.

आईनं एक घोट चाखला आणि सरळ वडिलांकडं बघितलं. "काय वतलंय ह्यात?"

"औषध," वडील म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले.

वडिलांना मधुमेह आहे. आत्याच्या यजमानांनी त्यांना सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली आणून दिली होती. "पावणं, पोट बघा माझं. गेलं का न्हाई?" पोट होतं तिथंच होतं, पण विचारण्यात एवढा जोर, की वडिलांना ते गेलेलं दिसलं. पाण्यातून घेतलं की त्यांना ठसका लागायचा. मग त्यांनी डोकं चालवलं: रस्सा वाटीवर वाटी प्यायचाच आहे, तर औषधही त्यातूनच जाऊ दे. शिवाय अख्ख्या भावकीची साखर उतरेल! आईची पाठ वळताच अर्धी बाटली पातेल्यात.

भोंदू औषधांविरुद्ध मी चौकाचौकात पत्रकं वाटते. घरातच पातेलं फाटल्यावर गप्प कशी बसू? तिथंच सुरू झाले. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडनं जेवणानंतरची साखर काही जणांची जरा सावकाश चढते. वजनात फरक पडलाच तर थोडका. आणि पाणी न घालता प्यायलं तर दात झिजतात, घसा भाजतो.

"म्हंजी काम करतंय की!" वडील खूश.

"थोडं. गोळीच्या जागी नाही."

त्यांचा हात भाकरीवरच थांबला. आईला तेवढं पुरलं. "गोळ्या घेताय न्हवं?"

"बाटली आल्यावर आनि गोळी कशाला, म्हटलं..."

आई म्हणाली, "रस्सा काय, परत करीन. तुमाला कुठनं परत आणू?"

दुसऱ्या दिवशी तपासणीत साखर एवढी चढलेली निघाली, की डॉक्टरीणबाईंनी आधी खोलीचं दार लावून घेतलं आणि मग वडिलांना झापलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आत्याचे यजमान अजून सांगतात, "गोळ्या बंद करा असं मी म्हटलोच न्हाई." खरंच, ते म्हणाले नव्हते. बाटलीवरही तसं लिहिलेलं नव्हतं. मला राग येतो तो ह्याचाच. असं कुणीच म्हणत नाही, पण नवा उपाय घरात आला की माणूस आपल्याआपणच जुना सोडतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

तेव्हा तुम्हालाच सांगते. तुमच्या घरात असली बाटली आली असेल, तर तिचं कौतुक मागाहून करा. आधी पिणाऱ्याला तोंडावर विचारा, आज गोळी घेतली का? आणि "व्हय" म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. उठा, गोळ्यांची पट्टी स्वतःच्या हातात घेऊन बघा.