आधी कानात भाव, मग चहा

मोरेबाई दुकानात चहा घेत नसत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या जुन्या मशिनरीच्या दुकानांत गिऱ्हाईक टेकलं की शेठ आधी चहा मागवतो. बाई समोर आलेला कप दोन बोटांनी बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "आधी भाव, मग चहा. चहा पोटात गेला की माणूस लाजतो. लाजला की संपला." सौदा पटला तर तोच गार झालेला चहा चवीने प्यायच्या. नाही पटला तर तशाच उठायच्या. शेठलोकांना त्यांचा राग यायचा आणि तरी ते त्यांना बसायला खुर्ची द्यायचे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी टूल स्टोअर सांभाळलं होतं. सकाळी कामगारांना हत्यारं द्यायची, सुट्टी झाली की परत घ्यायची. हत्यार कसं मोडतं आणि मोडणारा ते कसं लपवतो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. नवरा तिथेच फिटर होता, तो लवकर गेला. रिटायर झाल्यावर बाई विठ्ठलवाडीला मुलगा-सुनेकडे राहायच्या. त्या वर्षांत आमच्या भागातले कारखाने बंद होत होते आणि हिशेब घेऊन घरी बसलेली माणसं स्वतःचं काही सुरू करायला धडपडत होती. जुनं मशीन घ्यायचं तर मोरेबाईंना सोबत ने, असं जो तो सांगायचा. त्या कुणाकडून पैसे घेत नसत. सल्ला देताना समोरच्याची मुळीच पर्वा करायची नाही, एवढी मोकळीक मात्र त्यांना हवी असायची.

आता सगळंच त्यांना कळायचं असं समजू नका. भाजीवाला त्यांना दर आठवड्याला किडकी वांगी बांधून द्यायचा. साडीच्या दुकानात तर त्यांच्याइतकं सोपं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. पण लोखंड समोर आलं की बाई बदलायच्या.

माझा नवरा सुधीर टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारा कारागीर. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये नुकता फ्लॅट घेतला होता, मुलगी शाळेत होती. कंपनीने दिलेल्या पैशांत एक जुना लेथ घ्यायचा आणि अंबरनाथला भाड्याच्या गाळ्यात काम सुरू करायचं, असं ठरलं. आमच्याकडे एवढेच पैसे होते. लेथ वाईट निघाला असता तर फ्लॅटही गेला असता. म्हणून मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे कोणाकडे हायत?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडेच ठेव. मशीन चालवणारा मशीनच्या प्रेमात पडतो. त्याच्या हातात पाकीट द्यायचं नाय."

सुधीरला हे लागलं. पण पहिल्याच दुकानात बाईंचं म्हणणं खरं ठरलं. हिरव्यागार नव्या रंगातला लेथ पाहून त्याने त्याला असा हात लावला की शेठने ओळखायचं ते ओळखलं. बाईंनी मला बाजूला घेतलं. "भाव विचारायच्या आधी माझ्या कानात सांग, तुला हे केवढ्याचं वाटतं. नव्याची किंमत काढून आलीयस ना? त्याच्या निम्मी धर. दुरुस्तीला काय लागेल ते त्यातून काढ. त्याचा भाव एकदा ऐकलास की तुझं डोकं तुझं राहणार नाय." ही त्यांची पद्धत होती. मी घाबरत घाबरत आकडा सांगितला. बाई "हं" म्हणाल्या आणि शेठकडे वळल्या.

शेठने माझ्या आकड्यापेक्षा बराच कमी सांगितला. "बाई, आपके लिये घाटा खा रहा हूं. चाय तो पियो!" सुधीरचा चेहरा उजळला, मीही पर्स उघडली. बाईंनी माझा हात धरला आणि शेठला एकच शब्द विचारला, "क्यों?"

तो हसला, बाजार मंदा है म्हणाला. बाईंनी पिशवीतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि लेथच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. जागोजागी ते घट्ट चिकटत होतं. पायाजवळ एका ठिकाणी मात्र घसरून खाली पडलं. बाईंनी तिथे किल्लीने खरवडलं. रंगाखाली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरलेली होती आणि तिच्याखाली बोटभर रुंद तडा. शेठ म्हणाला, मलाही ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "असेल." आणि आम्ही उठलो.

रस्त्यावर येताच त्यांनी मला समजावलं. "कोणी कमी मागितलं की खूश व्हायचं नाय, का ते विचारायचं. कारणं तीनच. माल चोरीचा, नायतर माल मोडका, नायतर विकणाऱ्याला घाई. पहिल्या दोन्हींत हात लावायचा नाय."

"आणि घाई असली तर?"

"तर घ्यायचं. पण पुरा भाव देऊन."

हे शेवटचं मला तेव्हा नुसतंच बोलायला बरं वाटलं. पुढच्याच खेपेला त्याची किंमत कळली. एक उतारवयाचा माणूस फुटपाथवर गोणपाट पसरून स्वतःची हत्यारं विकत बसला होता. त्यातला मायक्रोमीटर सुधीरला हवाच होता. मी बाईंच्या कानात भाव सांगितला. त्या माणसाने त्याच्या निम्म्यालाही देतो म्हटलं. बाईंनी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बायकोला ॲडमिट केलंय, ताई. आजच भरायचेत." बाई मला म्हणाल्या, "दे. जेवढे माझ्या कानात बोललीस तेवढे."

सुधीर भडकला. "बाई, आम्ही काय धर्मादाय काढलाय? आमचीही नोकरी गेलीय!"

"म्हणून तर बोलते," बाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या तुझं मशीन विकायची पाळी आली तर समोरचा कसा असावा वाटतं तुला? रास्त भाव म्हणजे दोघांनाही झोप लागली पाहिजे. एकालाच लागली तर ती चोरी."

मी पैसे दिले. सुधीर मायक्रोमीटर उचलून पुढे चालू लागला. मलाही बाईंचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पैसे आमचे आणि दानत त्यांची, असंच मला वाटलं होतं. पण तो माणूस नोटा खिशात घालून ज्या घाईने रिक्षाकडे गेला, ते पाहिल्यावर माझी जीभ काही उचलली नाही.

लेथ आम्हाला पुढे चांगला मिळाला, जुन्याच रंगाचा, ओबडधोबड. त्या दिवशी बाईंनी दुकानात दोन कप चहा घेतला. त्याच लेथवर आमचं घर चाललं आणि मुलीचं शिक्षण झालं.

काही वर्षांनी बाईंचा निरोप आला, येऊन जा. विठ्ठलवाडीला गेले तर त्या खाटेवर होत्या, निम्म्या झालेल्या. सुनेने आधीच दारात मला आजाराचं नाव सांगितलं होतं. खाटेखालून त्यांनी नवऱ्याची पेटी ओढायला लावली. लोखंड घट्ट पकडायचा छोटा व्हाइस, पाने, कानशी, सगळं तेल लावून ठेवलेलं. "पोरगा ऑफिसात जातो, तो भंगारात देईल. सुधीरला उपयोगी पडेल. घेतेस?"

"केवढ्याला?"

त्यांनी जो आकडा सांगितला, तेवढ्यात नुसता व्हाइससुद्धा आला नसता. सुनेने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी तो दोन बोटांनी बाजूला सारला आणि विचारलं, "का?"

बाई हसल्या. "चोरीचा नाय," त्या म्हणाल्या. "मोडकाही नाय."

तिसरं कारण त्या बोलल्या नाहीत. मला रडू फुटलं, ते मी आवरलं नाही. मग मी एकेक पाना हातात घेऊन पाहिला, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं, आणि वाकून त्यांच्या कानात पुरा भाव सांगितला.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "जास्त बोललीस," त्या म्हणाल्या. "मोठ्या पान्याचा जबडा झिजलाय, बघितला नायस. शंभर कमी कर."

मी पाना उजेडात धरला. झिजला होता. मी शंभर कमी केले, पैसे त्यांच्या उशाशी ठेवले. महिन्याभरात बाई गेल्या. पण त्या दुपारी त्यांनी उशाशी हात फिरवून पाहिला आणि सुनेला हाक मारली, "हिचा चहा गार झाला बघ. दुसरा टाक. मलापण दे."